उसना श्वास : एका स्वस्त यंत्राचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार एखाद्या यंत्राची कल्पना प्रथम कोणास सुचली, ती कोणी पूर्णत्वास नेली आणि तिच्या योगाने मनुष्याचे सामर्थ्य किती वाढले, ह्या गोष्टी मोठ्या बारकाईने नमूद करतात. परंतु ते यंत्र किती पैशांस मिळत असे, ह्या प्रश्नास त्यांच्या ग्रंथांत बहुधा तळटीपेचीच जागा मिळते. गिरणीच्या किंवा आगगाडीच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ खपून जाईल. एखाद्या गावास आज आगगाडी मिळाली नाही, तर ती दहा वर्षांनी मिळू शकते. रुग्णालयातील यंत्राची गोष्ट निराळी आहे. ज्याचा श्वास आज रात्री बंद पडणार, त्यास दहा वर्षांनी स्वस्त होणाऱ्या यंत्राचा काय उपयोग? म्हणून वैद्यकीय उपकरणाची किंमत ही त्याच्या गुणांहून वेगळी बाब नसून त्याच्या गुणांपैकीच एक होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. श्वास चालविणाऱ्या यंत्रांचा इतिहास ह्या मताचा पुरावा म्हणून वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. मात्र हा पुरावा सर्वस्वी एकाच बाजूस झुकणारा नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

आपण हवा आत ओढतो असे म्हणतो. वस्तुतः आपण छातीची पोकळी मोठी करतो आणि हवा आपोआप आत शिरते. लोहाराचा भाता किंवा वाजविण्याची पेटी ज्याने पाहिली आहे, त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. छातीचा हा भाता हलविणारे स्नायू फासळ्यांच्या मध्ये व त्यांच्या खालच्या श्वासपटलात असतात, आणि त्यांस हुकूम मज्जारज्जूतून जातो. पोलिओ, ज्यास आपल्याकडे बालपक्षाघात असेही म्हणत, तो रोग मज्जारज्जूतील त्याच पेशींवर घाला घालतो. अशा वेळी फुप्फुसे धडधाकट असतात, हृदय चालू असते, रोगी पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो. फक्त भाता ओढणारा हात नाहीसा झालेला असतो. काही दिवस किंवा काही आठवडे त्या रोग्यास कोणी श्वास उसना दिला, तर स्नायूंत पुन्हा बळ येऊन तो वाचण्याचा संभव असतो. हा उसना श्वास द्यावा कसा, एवढाच प्रश्न होता.

त्याचे एक उत्तर पॅरिसचे वैद्य व्होआये ह्यांनी १८७६ साली दिले होते. रोग्यास गळ्यापर्यंत एका पत्र्याच्या नळकांड्यात ठेवावयाचे, गळ्याभोवती रबराची पट्टी बसवून फट बुजवावयाची, आणि हाताने चालणाऱ्या भात्याने नळकांड्यातील हवा ओढून घ्यावयाची, अशी ती योजना. आतील हवा विरळ झाली की छाती फुगते व बाहेर राहिलेल्या नाकातोंडावाटे श्वास आत जातो. हवा पुन्हा आत सोडली की छाती खाली बसते. म्हणजे भाता रोग्याच्या शरीरात राहिला नाही म्हणून तो शरीराभोवती उभारावयाचा! तत्त्व बिनचूक होते. तथापि ते रुग्णालयांच्या नित्य व्यवहारात उतरण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे फिलिप ड्रिंकर व त्यांचे सहकारी लुई शॉ ह्यांनी १९२८ साली विजेवर चालणारे असे यंत्र सिद्ध केले. त्यांच्या संशोधनास न्यूयॉर्कच्या एका गॅस कंपनीचे द्रव्यसाहाय्य होते. कारण विषारी वायूने व विजेच्या धक्क्याने श्वास थांबलेल्या माणसांना वाचविण्याचा उपाय त्या कंपनीस हवा होता. आतील हवा ओढण्यासाठी ड्रिंकर ह्यांनी आरंभी घरातील धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांचे पंखे वापरले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात पोलिओने श्वास थांबत चाललेली आठ वर्षांची एक मुलगी ह्या पेटीत ठेवण्यात आली. बेशुद्ध पडलेली मुलगी थोड्याच मिनिटांत शुद्धीवर आली. पुढे काही दिवसांनी ती न्यूमोनियाने दगावली. परंतु यंत्र मनुष्यास श्वास देऊ शकते, हे सिद्ध झाले. लोकांनी ह्या यंत्रास ‘लोखंडी फुप्फुस’ असे नाव दिले.

येथून पुढे मात्र किमतीचा प्रश्न उभा राहिला. हे यंत्र सुमारे दीड हजार डॉलरांस पडे. त्या काळच्या अमेरिकेत एखादे बेताचे घर जवळपास तेवढ्याच पैशांत होत असे. पोलिओची साथ उन्हाळ्यात अकस्मात येई, एका शहरात एकाच आठवड्यात अनेक मुलांचे श्वास थांबत, आणि रुग्णालयात यंत्र असले तर एखादेच असे. ते कोणास द्यावयाचे, हा निर्णय जेथे डॉक्टरांस करावा लागतो, तेथे यंत्राची किंमत हीच एका अर्थी मृत्यूचे कारण होऊन बसते.

ही किंमत खाली आणण्याचा पहिला ठळक प्रयत्न जॉन हेवन इमर्सन ह्या कारागिराने केला. शाळा अर्धवट सोडलेल्या ह्या मनुष्याचे मॅसॅच्युसेट्स संस्थानातील केंब्रिज येथे उपकरणे बनविण्याचे दुकान होते. १९३१ साली त्याने पंख्याच्या जागी चामड्याचा हलता पडदा बसवून अधिक साधे, कमी आवाजाचे व बरेच स्वस्त यंत्र तयार केले. वीज गेली तर ते हातानेही चालविता येई. ड्रिंकर व हार्वर्ड ह्यांनी त्याच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला. इमर्सनने न्यायालयात दाखवून दिले की ह्या यंत्रातील एकही कल्पना नवीन नाही, साऱ्या पूर्वीच कोणी ना कोणी मांडलेल्या आहेत. आणि शिवाय, ज्याने प्राण वाचतात ते साधन सर्वांस खुले असावे, असेही त्याचे म्हणणे होते. ड्रिंकर ह्यांची पेटंटे रद्द ठरली. येथे कोणाही एकास खलपुरुष ठरविण्याचे कारण नाही. ड्रिंकर ह्यांनी पहिले पाऊल टाकले नसते, तर इमर्सनला सुधारावयास काही उरलेच नसते. परंतु शोध लावणे आणि तो शोध परवडण्याजोगा करणे ही दोन वेगळी कार्ये आहेत, आणि दुसरे कार्य पहिल्याहून हलके मानण्याची आपली सवय चुकीची आहे, एवढे ह्या खटल्यावरून दिसून येते.

हे दुसरे कार्य ज्याने सर्वात पुढे नेले, तो मनुष्य ऑस्ट्रेलियातील होता. एडवर्ड बोथ ह्याचा जन्म १९०८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील एका लहानशा गावी झाला. अॅडलेड येथे तो विद्यापीठासाठी व रुग्णालयांसाठी उपकरणे बनवीत असे. हृदयाच्या स्पंदनांचा आलेख काढणारे, सहज उचलून नेता येण्याजोगे यंत्र त्याने तिशीच्या आतच तयार केले होते. १९३७ साली ऑस्ट्रेलियात पोलिओची मोठी साथ आली. अमेरिकन यंत्र महाग, जड, आणि समुद्रापलीकडून यावयाचे. तोपर्यंत साथ थोडीच थांबणार! आरोग्यखात्याने बोथला विचारले, आणि त्याने लोखंडाचा नाद सोडून प्लायवूडची पेटी केली.

ह्या एका बदलात त्याच्या बुद्धीची सारी चमक आहे. पेटीच्या आतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाहून अगदी थोडाच कमी करावा लागतो. एवढा भार सोसावयास पोलादाची गरजच नव्हती. प्लायवूड कोणत्याही सुताराच्या हाताखालचे. भाता व विजेची मोटार पेटीपासून वेगळी, एका जाड नळीने जोडलेली. वीज गेली तर हा भाताही हाताने चालविता येई. पेटी काहीशी शवपेटीसारखी दिसे, अशी टीका झाली. पण शवपेटीत जाण्याचे टळत असेल, तर तिच्यासारख्या दिसणाऱ्या पेटीत जाण्यास कोण नाही म्हणेल? हे यंत्र सुमारे शंभर पौंडांत तयार होई.

पुढच्याच वर्षी बोथ इंग्लंडात गेला असता, एका रोग्यासाठी श्वासयंत्र हवे असल्याची विनंती त्याने रेडिओवर ऐकली. त्याने एक कार्यशाळा भाड्याने घेऊन तेथेच यंत्रे बांधली. त्यांपैकी एक ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात पोहोचले, आणि तेथील भूलशास्त्राच्या विभागाने त्यावर एक बोलपट तयार केला. तो पाहणाऱ्यांत मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफिल्ड होते. सायकली दुरुस्त करण्याच्या धंद्यापासून वर चढलेल्या ह्या गृहस्थास, एक वस्तू चांगली बनवून मग तशाच हजार बनविणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते. ब्रिटिश साम्राज्यातील जे रुग्णालय मागेल त्यास हे यंत्र फुकट देऊ, आणि पाच हजारांपर्यंत लागली तरी बनवू, अशी घोषणा त्यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात केली. काउली येथील मोटारींच्या कारखान्यात लाकडी पेट्या तयार होऊ लागल्या, आणि अशी सुमारे सतराशे यंत्रे वाटली गेली. दहा वर्षांपूर्वी जे साधन एका शहराच्या वाट्यास एखादे येई, ते आता आडबाजूच्या रुग्णालयांतही जाऊन बसले.

कथा येथेच संपती, तर ती फार सुबक झाली असती. परंतु त्याच वेळी काही जाणत्या डॉक्टरांनी ह्या दानाविरुद्ध आवाज उठविला होता, आणि तो केवळ मत्सराचा नव्हता. यंत्र देणे सोपे, पण ते चालविणारा शिकलेला मनुष्य कोठून आणावयाचा? गळ्याची पट्टी घट्ट बसली तर कातडी सोलते, सैल बसली तर दाब राहत नाही. रोग्यास कुशीवर वळविणे, स्वच्छ ठेवणे, भरविणे, हे सारे पेटीच्या बाजूच्या भोकांतून हात घालून करावे लागते. कोणत्या रोग्यास ह्या पेटीचा उपयोग होईल व कोणास होणार नाही, हे ओळखणे तर त्याहून अवघड. लहान रुग्णालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले यंत्र हे स्वस्त असले तरी महागच होय, हा त्यांचा मुद्दा होता. तो खरा होता, हे पुढे चौदा वर्षांनी निराळ्याच देशात आणि अत्यंत दारुण रीतीने दिसून आले.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची अशी साथ आली की तशी त्या देशाने पूर्वी पाहिली नव्हती. सांसर्गिक रोगांसाठी असलेल्या ब्लेगडाम रुग्णालयात काही महिन्यांत अडीच हजारांहून अधिक रोगी दाखल झाले. रुग्णालयाजवळ एक लोखंडी फुप्फुस व छातीवर बसविण्याची सहा लहान यंत्रे होती. पहिल्या काही आठवड्यांत ह्या यंत्रांवर ठेवलेल्या एकतीस रोग्यांपैकी सत्तावीस तीन दिवसांच्या आत मरण पावले.

दोष यंत्रांच्या संख्येचा तर होताच. पण त्यांच्या पद्धतीचाही होता. ह्या साथीत पुष्कळांचे गिळण्याचे स्नायूही निकामी झाले होते. अशा रोग्याची लाळ व कफ घशात साचत, आणि पेटीने छाती फुगविली की ते हवेबरोबर फुप्फुसात ओढले जात. शिवाय श्वास अपुरा पडल्याने रक्तात कर्बवायू साठत होता; परंतु रक्ताच्या तपासणीत त्याचे जे चिन्ह दिसे त्याचा अर्थ वेगळाच लावला गेला होता. मुख्य वैद्य लासेन ह्यांनी, आपल्या एका तरुण सहकाऱ्याच्या सूचनेवरून, ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञास बोलावून घेतले. लासेन ह्यांचा हा निर्णय त्यांच्या मोठेपणाची साक्ष देतो. कारण भूल देणाऱ्या डॉक्टराचे स्थान तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीतच आहे, असे मानले जाई. इब्सेन ह्यांनी मृत रोग्यांच्या तपासणीचे वृत्तान्त पाहिले आणि सांगितले की फुप्फुसे हवा घेण्याच्या स्थितीत आहेत. त्यांस हवा पोहोचत नाही, एवढेच.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेस गळ्याखाली छेद देऊन त्यांनी तीत रबराची नळी बसविली आणि नळीस एक रबरी पिशवी जोडली. भूल देताना हे डॉक्टर जी पिशवी हाताने दाबतात, तीच ही. आरंभी मुलगी तडफडत होती व हवा आत जाईना. इब्सेन ह्यांनी औषधाने तिची धडपड शांत केली आणि पिशवी दाबण्यास सुरुवात केली. रक्तातील कर्बवायू उतरला, तिचा रंग पालटला. मग खात्रीसाठी तिला पुन्हा छातीवरच्या यंत्रावर ठेवून पाहिले, तो तीच दुश्चिन्हे परत दिसू लागली. पिशवी हाती घेताच ती पुन्हा नाहीशी झाली. मुलगी वाचली.

पण पिशवी दाबावयास हात हवा, आणि तो रात्रंदिवस हवा. रुग्णालयाने वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाक दिली. सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळीपाळीने आले. एका खाटेपाशी एक विद्यार्थी, हातात पिशवी. श्वास आत, श्वास बाहेर. एका वेळी सत्तरपर्यंत रोगी केवळ अशा हातांवर जगत होते. हे सारे मिळून सुमारे एक लाख पासष्ट हजार तास भरले. ज्यांच्यातील दहांपैकी जवळजवळ नऊ मरत, त्या रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. अतिदक्षता विभाग म्हणून आज जो प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असतो, त्याची कल्पना ह्याच अनुभवातून निघाली. १९५३ च्या अखेरीस इब्सेन ह्यांनी कोपनहेगनमध्येच तसा विभाग सुरू केला.

ह्या पिशवीस पुढे आणखी एक सुधारणा हवी होती. ती आपणहून फुगत नसे, तिला वायूचा पुरवठा लागे. डेन्मार्कमधीलच भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन ह्यांनी होल्गर हेस ह्या इंजिनियराच्या साहाय्याने १९५६ साली सोडताच पुन्हा आपोआप फुगणारी पिशवी प्रचारात आणली. वीज नको, प्राणवायूची टाकी हाताशी नसली तरी साध्या हवेवर चालते. ‘अंबू बॅग’ ह्या नावाने ती जगभर पसरली आणि आजही प्रत्येक रुग्णवाहिकेत व बाळंतपणाच्या खोलीत ती असते. दीड हजार डॉलरांच्या पोलादापासून शंभर पौंडांच्या प्लायवूडपर्यंत, आणि तेथून हातात मावणाऱ्या पिशवीपर्यंत, असा हा प्रवास आहे. आणि पिशवी ही पेटीची गरिबांसाठी काढलेली नक्कल नसून पुष्कळ रोग्यांसाठी पेटीहून चांगले साधन ठरले, हे विशेष.

पोलिओ आता आपल्या देशातून गेला. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात आढळला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पिशवी मात्र राहिली. आणि आपल्या महाराष्ट्रात तिची दोन रूपे दिसतात, ती एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले रूप गडचिरोलीचे. तेथील खेड्यांत बाळंतपणे बहुतांशी घरीच होत, आणि जन्मतः न रडलेले बाळ गेले असे समजण्याची रीत होती. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून एकोणचाळीस गावांत घरोघर नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला. गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रियांस पद्धतशीर शिक्षण देऊन, न श्वसणाऱ्या बाळास मुखवटा लावून श्वास कसा द्यावयाचा, हे त्यांस शिकविले. आरंभी नळी व मुखवटा, नंतर पिशवी व मुखवटा. जंतुसंसर्गावरील औषधे, ऊब, स्तनपान ह्यांची जोड अर्थातच होती. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसरे रूप मोठ्या शहरांतील सार्वजनिक रुग्णालयांचे. कृत्रिम श्वासाची यंत्रे अपुरी पडली म्हणजे पिशवी रोग्याच्या नातलगांच्याच हाती देण्यात येते, अशी वृत्ते मुंबईच्या वर्तमानपत्रांत वरचेवर येऊन गेली आहेत. आई मुलाच्या उशाशी बसून रात्रभर पिशवी दाबते; तिचा हात भरून येतो, तेव्हा भाऊ पुढे होतो. पिशवी तीच, कोपनहेगनची. पण तेथे प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविलेले होते, त्याची पाळी ठरलेली होती, त्याच्यावर देखरेख करणारा भूलतज्ज्ञ होता, आणि रक्ताची तपासणी करणारी प्रयोगशाळा दिमतीस होती. येथे त्या आईस ह्यांपैकी काहीही नाही. आणि आपल्या हाताला डुलकी लागली तर काय होईल, हे मात्र तिला पुरते ठाऊक आहे.

दोन रूपांतील हा भेद आपल्याकडील स्वस्त उपकरणांच्या चर्चेत बहुधा निसटतो. २०२० च्या महामारीत ठिकठिकाणच्या अभियंत्यांनी हीच पिशवी मोटारीच्या हातांनी दाबणारी यंत्रे थोड्या दिवसांत उभी केली. त्यांचा हेतू व कौशल्य दोन्ही वाखाणण्याजोगी होती. तथापि रोगाने ताठ झालेल्या फुप्फुसांस हवा किती दाबाने व किती प्रमाणात द्यावी, हे क्षणोक्षणी पाहणारा जाणता मनुष्य त्यांच्याही शेजारी लागतच होता. बोथच्या पेट्यांवर १९३९ च्या सुमारास जो आक्षेप घेतला गेला, तोच पुन्हा दारात उभा राहिला.

म्हणून आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जे विद्यार्थी रुग्णांसाठी स्वस्त साधन शोधू पाहतात, त्यांनी बोथ व इमर्सन ह्यांची चरित्रे अवश्य अभ्यासावी. अनावश्यक लोखंड काढून टाकण्याचे धैर्य त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. पण साधनातून जो खर्च आपण काढून टाकतो, तो पुष्कळदा नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी हातांवर, झोपेवर व शिक्षणावर जाऊन पडतो. कोपनहेगनात त्या लहानशा पिशवीची उरलेली किंमत एक लाख पासष्ट हजार तासांच्या रूपाने एका शहराने वाटून घेतली. गडचिरोलीत ती शिक्षणाच्या रूपाने एका संस्थेने व गावांनी उचलली. आपल्या शहरांतील सार्वजनिक रुग्णालयांत ती खाटेशेजारी बसलेली आई एकटीच भरीत आहे. यंत्र स्वस्त झाले, हे आपण अभिमानाने सांगतो; ते ह्या आईस केवढ्याला पडले, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.